पाखंडी म्हणजे ढोंगी का?

'भोंदूबाबाचं पाखंड उघडकीस' असं बातमीत वाचलं, म्हणजे पाखंड म्हणजे ढोंगच ना, अशी विचारणा आली आहे. हिंदीत तोच अर्थ रुळला आहे. मराठीत मात्र या शब्दाचा रोख निराळा. १६३३ साली रोमच्या धर्मपीठाने गॅलिलिओला पाखंडाच्या संशयावरून दोषी ठरवलं, असं आपण लिहितो. तिथे 'ढोंग' घालून बघा, वाक्य कोसळतं. पाखंडी माणूस रूढ धर्ममत नाकारतो, ढोंगी माणूस ते पाळल्याचा देखावा करतो. भोंदूबाबाला पाखंडी म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. त्याच्यासाठी भोंदू, दांभिक, बुवाबाजी असे नेमके शब्द आपल्याकडे आहेत की!

आणि मुळात हा शब्द निंदेचाही नव्हता. गिरनारच्या खडकावर अशोकाचा बारावा लेख आहे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. त्याची सुरुवात अशी: 'देवानंपिये पियदसि राजा सव पासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति'. सगळ्या पासंडांचा, त्यातल्या संन्याशांचा आणि गृहस्थांचा राजा मान राखतो. पासंड म्हणजे इथे सरळ पंथ. बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ म्हणजे जैन, सगळे त्यात आले. पुढच्याच ओळींत 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' अशी जोडी येते, आपला पंथ आणि दुसऱ्याचा पंथ. स्वतःच्या पंथालाही जो शब्द लावतात तो शिवी कसा असेल? विनाकारण आपल्या पंथाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवू नयेत, असं अशोक सांगतो आणि त्यासाठी 'वचिगुती' हा सुंदर शब्द वापरतो. वचिगुती म्हणजे जिभेला आवर. ओडिशातल्या हाथीगुंफेच्या लेखात खारवेल राजालाही मोठ्या गौरवाने 'सवपासंडपूजको' म्हटलं आहे.

मनुस्मृतीत वारं फिरलेलं दिसतं. चौथ्या अध्यायातल्या तिसाव्या श्लोकात पाषंडी आणि इतर काही जणांविषयी आज्ञा आहे, 'वाङ्मात्रेणापि नार्चयेत्', नुसत्या शब्दानेही त्यांचा आदर करू नये. अशोक जीभ आवरायला सांगतो ती निंदा करू नये म्हणून, इथे ती आवरायची आदर करू नये म्हणून. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले की मी दरवेळी थबकतो. वेद न मानणाऱ्यांना हा शब्द चिकटला तो असा, आणि मराठीत तो त्याच अर्थाने नांदला.

राहिली व्युत्पत्ती. 'पा' म्हणजे रक्षण करणारा वेदधर्म, त्याचं खंडन करतो तो पाखंडी, अशी फोड जुन्या टीकाकारांनी केली आहे. कानाला गोड लागते, पण गिरनारला दगडात 'संड' कोरलेलं आहे. 'ष'चा उच्चार 'ख' होण्याची खोड 'भाषा'चं 'भाखा' करते, तिनेच 'पाषंड'चं 'पाखंड' केलं. त्यातलं 'खंडन' लोकांना दिसलं ते त्यानंतर.