हिंजवडीला जाण्याआधी

अगं, नोकरीच्या निवडफेऱ्यांसाठी कोथरूडहून हिंजवडी फेज ३ ला ९ वाजता पोहोचायचं तर साडेसातच्या आधीच नीघ. वाकडला नाहीतर भूमकर चौकात अडकलीस तर अर्धी शक्ती तिथेच संपते.

अॅप्टिट्यूडच्या लेखी चाचणीसाठी रोज घड्याळ लावून एक पेपर पुरे. चुकीला गुण कापतात का, तेवढं सूचनांत आधी वाच.

खरी कसोटी गटचर्चेची. एका टेबलाभोवती ८-१० जण आणि बाजूला वही घेऊन बसलेले निरीक्षक. पहिल्या वेळी मी सगळ्यात जास्त बोललो आणि तिथेच गळलो. फार वाईट वाटलं होतं. समोरच्याचा मुद्दा त्याचं नाव घेऊन पुढे नेणं, गप्प बसलेल्याला बोलतं करणं, वेळ संपण्याआधी गटाला निर्णयापर्यंत आणणं, हे सगळं ते टिपत असतात. आरशासमोर बोलून हे येत नाही. या रविवारी मैत्रिणींना घरी बोलाव आणि खरोखर दोन-तीन चर्चा करा.

मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल नुसतं 'आम्ही केलं' म्हणू नकोस, तुझा वाटा सांग. इंग्रजीत अडखळलीस तर थांब, छोटं वाक्य कर.

डबा हलका ने. एचआरची फेरी संध्याकाळपर्यंत लांबू शकते. ओळखपत्र, गुणपत्रिका, रेझ्युमेच्या ३ प्रती आदल्या रात्रीच पिशवीत भर.