ब्रेकर काळ्या पाषाणातच का अडतो?

प्रश्न : आमच्या विहिरीत मुरूम आणि मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ दगड) पोकलेनने भराभर निघाला. ३५ फुटांवर काळा पाषाण लागला आणि आता ब्रेकर (पोकलेनला लावलेली ठोकणारी छिन्नी) नुसती पांढरी पूड काढतोय. शेजाऱ्यांचा पाषाणही काळाच, पण त्यांचा निघाला. दहावीतला मुलगा खनिजांच्या कठीणपणाचा मोह्सचा तक्ता दाखवून म्हणतो, आपल्या दगडातली खनिजं सहाच्या आसपास, वाळूच्या दगडातलं क्वार्ट्झ सात. म्हणजे वाळूचा दगड फोडायला जास्त अवघड. हे खरं का? मोठा ब्रेकर आणावा का?
– एक शेतकरी, ता. पुरंदर

उत्तर : मोठा ब्रेकर लगेच आणू नका, त्याचं भाडं तासावर चढतं. मुलाचा तक्ता बरोबर आहे, पण तो ओरखड्याचा आहे. कुठलं खनिज कुणाला ओरखडतं एवढंच तो सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला कोळशाच्या थरांवरचा कामठी नावाचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड, मी पाहिला आहे. बकेटने सहज निघतो, पण त्यातलं क्वार्ट्झ बकेटचे दात खाऊन टाकतं. काळ्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, पण ताजा, घट्ट पाषाण चिरडायला चौरस सेंटिमीटरला हजार-दोन हजार किलोचा दाब लागतो. झीज आणि ताकद ही दोन वेगळी दुखणी आहेत. यंत्रवाले दोन्ही वेगवेगळी तपासतात.

आता शेजाऱ्यांचं. त्यांचा पाषाण तुमच्याइतकाच कठीण असेल, पण त्यात फटी असणार. काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थंड होताना आकसतो आणि त्याला चिरा पडतात. कुठे हातभर अंतरावर, कुठे दोन-दोन मीटर काहीच नाही. ब्रेकर दगड कापत नाही, छिन्नीच्या टोकाने फट उघडतो. फट नसेल तर टोकाखाली पूड होते आणि छिन्नी तापून बोथटते. त्यात विहिरीचा तळ चारी बाजूंनी बांधलेला, तुकड्याला सुटायला जागा कुठे? मुंबईत मेट्रो ३ साठी १७ टीबीएम (बोगदा खोदणारी यंत्रं) लावली होती. त्यांच्या पोलादी चकत्या खडकावर दाबून फिरवतात आणि दोन चरांमधली कपची उडते. म्हणजे तिथेही तुकडा सुटायला बाजू लागतेच.

म्हणून आधी तळ धुऊन स्वच्छ करा, फटी शोधा, घण मारून ऐका. बद्द आवाज येईल तिथे सुरुवात करा. एका जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठोकू देऊ नका. ऑपरेटर कुरकुरेल, कुरकुरू द्या. खणखणीतच वाजत असेल तर मधोमध जवळजवळ छिद्रं मारून आधी खड्डा करून घ्या, मग त्या खड्ड्याच्या कडेपासून फोडत जा. छिद्रांत भरायची चुन्याची फुगणारी पूड मिळते. ती दगड ताणून फोडते, आणि ताण सोसण्याची दगडाची ताकद दाब सोसण्याच्या साधारण दहावा हिस्साच असते. सुरुंग लावायचाच तर परवानाधारकाकडूनच.

पण यातलं काहीही करण्याआधी तळाला एक बारीक बोअर मारून पाषाणाची जाडी बघा. ज्या दगडात ब्रेकरला फट सापडत नाही, त्यात पाण्यालाही वाट नसते. खाली गेरूचा थर किंवा पुन्हा मांजऱ्या लवकर लागत असेल तरच पुढचा खर्च करा. पाषाण जाडच निघाला तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून आडवे बोअर कोणत्या थरात घ्यायचे ते ठरवा. मांजऱ्या तर तुमच्याकडे वर आहेच.