चेहरा जमलाय, पण नाच कुठे दिसत नाही

प्रश्न: नमस्कार, मी हौशी चित्रकार आहे, ऑइलमध्ये काम करते. चंद्रलेखांच्या नृत्यरचनांचे व्हिडिओ बघून भारावून गेले आणि त्यांचं खांद्यापर्यंतचं पोर्ट्रेट काढायला घेतलं. पांढरे केस, मोठ्ठं कुंकू, काजळ सगळं आलंय, ओळखूही येतात, पण नृत्याशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. हाताची मुद्रा, घुंगरू असं काही घालू का? आणि केस कापसासारखे दिसतायत, त्याचं काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: मुद्रा आणि घुंगरू प्लीज नका घालू. चंद्रलेखा मूळच्या आपल्या महाराष्ट्रातल्या, वाडा या गावच्या, जन्म १९२८ चा, पुढे मद्रासला एल्लप्पा पिल्लैंकडे भरतनाट्यम शिकल्या, आणि १९८५ च्या ‘अंगिका’ या नृत्यरचनेत त्यांनी भरतनाट्यम, योग आणि कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला एकत्र आणताना देवादिकांच्या कथा, दागिन्यांचा थाट सगळं बाजूला ठेवलं. जे त्यांनी स्वतः काढून टाकलं तेच तुम्ही परत चिकटवणार का?

त्यांच्यासाठी सगळं येतं पाठीच्या कण्यावर. म्हणून खांद्यापाशी फ्रेम कापू नका, मोठा कॅनव्हास घ्या आणि निदान कमरेपर्यंत या. आधी चारकोलने मानेच्या मागून खाली बैठकीपर्यंत कण्याची एकच रेघ मारा, मग खांदे, मग डोकं, आणि चेहरा अगदी शेवटी. त्याआधी स्वतः अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, उभ्या राहून बघा, गुडघे बाहेर, धड सरळ, थोड्याच वेळात मांड्या भरून येतात आणि वजन कुठे जातंय ते कळतं, ते कळल्यावर हातातली रेघच बदलते. अजून एक, पांढऱ्या केसांच्या चंद्रलेखा म्हणजे मुख्यतः रचनाकार, म्हणजे नाचणारे दुसरे आणि त्यांच्याकडे रोखून बघणाऱ्या ह्या, त्यामुळे नजर बघणाऱ्याकडे न ठेवता फ्रेमबाहेर कुठेतरी लावा. मला तर तेच खरं पोर्ट्रेट वाटेल.

आता केस. तुम्ही बहुतेक टायटॅनियम व्हाइट सगळीकडे लावलाय. आधी बॅकग्राउंड मध्यम गडद करा, केसांचा मोठा आकार निळसर करड्यात आणि थोड्या पिवळ्या ऑकरमध्ये भरा, कडा काही ठिकाणी बॅकग्राउंडमध्ये विरू द्या आणि शुद्ध पांढरा फक्त जिथे उजेड थेट पडतो तिथेच. काजळाला ट्यूबमधला काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा, डोळे जिवंत राहतील. कुंकू सपाट गोल काढू नका, चेहरा वळलेला असेल तर ते कपाळाच्या वळणाबरोबर लांबट होतं आणि सावलीकडची बाजू ॲलिझरिन या गडद लाल रंगाने थोडी उतरवावी लागते.

आणि हो, एकाच फोटोवरून हुबेहूब काढत असाल आणि चित्र प्रदर्शनात लावायचं किंवा विकायचं असेल तर फोटोग्राफरची परवानगी आधी घ्या.