घरच्या संगणकातील हेर

प्रश्न : मुलाने एक महागडा प्रोग्राम फुकटात उतरवून घेतल्यापासून घरच्या संगणकावर सारख्या जाहिराती उघडतात. याच संगणकावरून आम्ही बँकेचे व्यवहार करतो. काय करावे?

उत्तर : कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे प्रोग्राम अशाच मार्गाने शिरतात, म्हणून संगणक स्वच्छ होईपर्यंत त्यावरून बँकेचे व्यवहार मुळीच करू नयेत आणि पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून आजच बदलावेत. तो प्रोग्राम व ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन (जोडप्रोग्राम) काढून विंडोजमधील डिफेंडर या विषाणूरोधक प्रोग्रामची ऑफलाइन तपासणी चालवावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वीच होत असल्याने दडून बसलेले प्रोग्रामही सापडू शकतात. मुलाला रागावण्यापेक्षा त्याला प्रशासकीय अधिकार (संगणकात मोठे बदल करण्याची मुभा) नसलेले वेगळे खाते करून द्यावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

विंडोजचे अद्ययावतीकरण कधीही पुढे ढकलू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने विंडोजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा त्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती; ती न बसवलेले संगणक त्यात सापडले. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास बँकेला कळवून तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.