आयडी बंद, विमाही बंद?

प्रश्न : दोन वर्षं एका अ‍ॅपसाठी डिलिव्हरी केली. रेट पडले म्हणून गेल्या महिन्यात दुसरं अ‍ॅप धरलं. तिसऱ्याच आठवड्यात ऑर्डर नेताना हडपसरला एका कारने उडवलं, पाय मोडला. जुनी कंपनी म्हणते, आयडी बंद म्हणजे विमा बंद. नवी म्हणते, विम्यापुरत्या ऑर्डरी झाल्या नाहीत. माझी दोन वर्षं वायाच गेली का?

उत्तर : जुन्या कंपनीच्या मागे लागू नका. तो तिने काढलेला गटविमा होता. तुम्ही बाहेर पडलात, संपला. पीएफसारखं काही मागोमाग येत नाही, कारण तिच्या कागदांत तुम्ही नोकर नाही, 'पार्टनर' आहात. (हा शब्द नक्की एखाद्या वकिलानेच सुचवला असणार!)

नव्या कंपनीकडून मात्र नकार लेखी घ्या, पॉलिसीची प्रतही मागा. किमान ऑर्डरींची अट पॉलिसीत खरंच आहे, की चॅटवरच्या कुणीतरी ठोकून दिली, ते तेव्हाच कळेल.

तुमचा मोठा दावा या दोघींवर नाहीच, तो आहे त्या कारच्या विमा कंपनीवर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. तुम्ही कोणत्या अ‍ॅपचे, याच्याशी तिथे कुणाला देणंघेणं नाही. आणि ती दोन वर्षं इथे कामी येतात : बुडालेल्या कमाईचा हिशेब त्यांवरूनच मांडायचा. जुनं अ‍ॅप उघडत नसेल, तर बँकेचं स्टेटमेंट काढा.

आता पुढचं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम तुमच्यासारख्या कामगारांच्या निधीत भरायची आहे. हा पैसा तुमच्या नावावर साठत नाही, आणि या अपघातासाठी त्यावर विसंबू नका. तुमच्याबरोबर अ‍ॅपमागून अ‍ॅप फिरतो तो आधारला जोडलेला ई-श्रम क्रमांक, म्हणजे केंद्र सरकारच्या ई-श्रम या कामगार पोर्टलवर नोंदणी केल्यावर मिळणारा क्रमांक. या संहितेच्या डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत लाभासाठी आधीच्या आर्थिक वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा सगळ्या मिळून १२० दिवस काम अशी अट आहे. म्हणजे अ‍ॅप बदललं तरी दिवस बेरजेत धरले जातात.

प्लास्टर निघेपर्यंत ई-श्रमची नोंदणी उरकून घ्या. त्याआधी आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय ते तपासा. ओटीपी त्यावरच येतो, आणि तो नंबर बंद असेल तर गाडी तिथेच अडते.