सेव्ह केलेली चूक

प्रश्न : ताई, मी नाशिकचा, वय २९, एका कंपनीत नेटवर्क सपोर्टला आहे. चार महिने शिफ्ट सांभाळून रात्री अभ्यास केला आणि बेंगळुरूला जाऊन सीसीआयई एन्टरप्राइझची लॅब, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची प्रात्यक्षिक परीक्षा, दिली. तीन तासांचं डिझाइन बरं गेलं, पण एकूण निकाल नापास. पाच तासांच्या भागात मी जवळजवळ सगळे टास्क पूर्ण केले होते, म्हणून जास्त लागलं. फीसाठी वडिलांनी एफडी मोडली. त्यांना अजून ‘रिझल्ट यायचाय’ एवढंच सांगितलंय. एक मित्र म्हणतो, लीक झालेलं वर्कबुक मिळतंय, लगेच पुढची तारीख घे. काय करू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘जवळजवळ सगळे टास्क पूर्ण केले होते’ हे वाचून मला हसू आलं, रागावू नका. २०१६ साली हेच वाक्य मी घरी जेवता जेवता म्हटलं होतं.

तेव्हा राउटिंग-स्विचिंगची लॅब होती. दोन तास ट्रबलशूटिंग, अर्धा तास डायग्नोस्टिक, साडेपाच तास कॉन्फिगरेशन. फी १६०० डॉलर, म्हणजे लाखाच्या वर. समोर खरं यंत्र एकही नाही, सगळे राउटर स्क्रीनच्या आत. प्रश्न काय होते ते सांगणार नाही, तशी कबुली देऊनच आत जायचं असतं. चूक मात्र माझी स्वतःची आहे, ती आकडे बदलून सांगते.

शेवटचा तास. एका ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या सामायिक लिंकवर, १०, २०, ३० हे व्हीलॅन (एकाच तारेवरून जाणारी वेगवेगळी नेटवर्कं) चालू होते, मला ४० वाढवायचा होता. कमांड आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०’. घाईत मी ‘ॲड’ खाल्ला. स्विच कुरकुर करत नाही. आधीची यादी पुसतो, ‘फक्त ४०’ असं मानतो आणि मोकळा होतो. मी ४० वरून पिंग मारला, पाचही उद्गारचिन्हं आली, म्हणजे पाचही हाकांना उत्तर आलं, कागदावर टिक केली. सकाळपासून उभं केलेलं बाकीच्या तीन व्हीलॅनवरचं सगळं तेव्हा झोपलेलं होतं. तिथे टास्क अर्धा चालला म्हणून अर्धे गुण मिळत नाहीत. आणि मी इतकी शहाणी, की एकेका स्विचवर जाऊन कॉन्फिग नीट सेव्ह केलं आणि वीस मिनिटं आधी उठले!

रात्रीच्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये, रायचूरच्या आधी कुठेतरी, वरच्या बर्थवर तो ‘ॲड’ आठवला. निकालाचा मेल नंतर आला. तोवर मला कळून चुकलेलं होतं.

सकाळी सोलापूरला उतरले. वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, नेटवर्कमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दुरुस्तीनंतर सगळे माग चालू करून बघितलेस, का ज्याला हात लावला तेवढाच?’’

मला उत्तर देता येईना. एकच टोपोलॉजी, म्हणजे नेटवर्कची एकच मांडणी, मी पंधरा-सोळा वेळा बांधली होती, बोटांना कमांड पाठ होत्या. बांधलेलं मोडलंय का, हे शोधायची सवय मात्र शून्य. मग नववीतल्या भाच्याला कामाला लावलं. त्याला वीस खोडसाळ कमांडची यादी दिली होती. मी चहा ठेवायला उठले की त्याने त्यातली कुठलीही एक कुठल्याही राउटरवर मारायची, मोबदला एक चकली. एकदा त्याने एका इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० चा १४०० केला. ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात त्या पद्धतीचे) शेजारी एकमेकांना दिसत होते, पण गाडी ओळखीनंतरच्या ‘एक्सस्टार्ट’ या पायरीवर अडकलेली. ओळख करून देणाऱ्या हॅलोच्या पॅकेटात एमटीयू नसतो, तो पुढच्या देवाणघेवाणीत तपासला जातो. मी अर्धा तास पासवर्ड आणि एरिया चाळत बसले. कार्ट्याने त्या दिवशी दोन चकल्या मागितल्या आणि मी दिल्या.

दुसरी गोष्ट, सगळ्या पत्त्यांना ओळीने पिंग मारणारी टीसीएल या भाषेतली चार ओळींची स्क्रिप्ट हातात बसवली. पुढच्या वर्षी पुन्हा बसले तेव्हा प्रत्येक टास्कनंतर ती चालवली. दोनदा आधीचं मोडलेलं सापडलं. शेवटचा पाऊण तास नवीन काही हातात घेतलं नाही, एक छोटा टास्क कोरा सोडला. सोडताना जीव जात होता. पास झाले.

तुमच्याबाबतीत नेमकं काय निसटलं ते मला इथून दिसणार नाही. पण लॅबमधून आल्यावर काही लिहून ठेवलंय का? नसेल तर आजच बसा. कुठे किती वेळ गेला, कुठला टास्क तपासला, कुठला ‘झालाच असेल’ म्हणून सोडला, तेवढंच. प्रश्न लिहू नका, स्वतःच्या हालचाली लिहा. हा कागद होईपर्यंत पुढची तारीख घेऊ नका. रागाच्या भरात घेतलेल्या तारखेला माणूस तोच अभ्यास पुन्हा करून जातो.

वर्कबुकचं म्हणाल तर पकडलं गेल्यास जे जायचं ते जाईलच. पण समजा नाही पकडलं. उद्या रात्री दोन वाजता क्लायंटची लिंक पडेल, पलीकडे वीस माणसं कॉलवर असतील आणि नावापुढे सीसीआयई लिहिलंय म्हणून सगळे तुमच्याकडे बघतील. त्या रात्रीचं उत्तर त्यात छापलेलं नाही. अशी दोन माणसं मी टीममध्ये पाहिली आहेत. कॉलवर ती म्यूट असतात.

वडिलांना या रविवारी सांगा. फोनवर नको, समोर बसून. एफडीचे पैसे कधी आणि कसे परत करणार, तो आकडाही सोबत न्या. आणि नेमकी चूक काय झाली ते त्यांना समजेल अशा शब्दांत सांगून बघा. तुम्हाला सांगता आलं नाही, तर तो कागद अजून नीट लिहून झालेला नाही.