‘एस्चीट’ : वारस नसलेल्याची मालमत्ता

वारस नसलेल्याची मालमत्ता राजाकडे किंवा सरकारकडे जाणे, या अर्थाच्या ‘एस्चीट’ या इंग्रजी संज्ञेला मराठीत ‘जप्ती’ म्हणता येईल का, आणि ‘चीट’ म्हणजे फसवणे या शब्दाशी तिचे काही नाते आहे का, अशी पृच्छा आहे. जप्ती म्हणू नये. नाते मात्र खरोखरच आहे.

लॅटिनमधील ‘पडणे’ या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘वाट्याला येणे’ या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्यावरून हे नाम बनले. आपण ‘पदरात पडले’ म्हणतो, तसाच त्याचा मूळ भाव आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरदाराकडून जमीन मिळालेले कूळ निर्वंश होऊन मेले किंवा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरले, की त्याची जमीन त्या सरदाराकडे परत जाई. राजाच्या वाट्याच्या अशा जमिनी शोधून ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याला ‘एस्चीटर’ म्हणत. या अधिकाऱ्यांच्या लबाडीमुळे लोक इतके गांजले, की शब्दाचे पहिले अक्षर गळून उरलेल्या ‘चीट’ला सोळाव्या शतकापर्यंत फसवणुकीचा अर्थ चिकटला. इंग्लंडमध्ये गुन्ह्यापायी होणारे एस्चीट 1870 साली आणि वारसाअभावी होणारे 1925 च्या कायद्याने संपले.

जप्तीत मालक हयात असू शकतो आणि त्याच्याकडून मालमत्ता काढून घेतली जाते. एस्चीटमध्ये, आजच्या अर्थाने, घ्यायला कोणी उरलेलेच नसते. ‘खालसा करणे’ हाही पर्याय मला पटत नाही, कारण 1848 साली सातारा खालसा झाला तेव्हा दत्तक वारस होता, तो कंपनी सरकारने मानला नाही.

माझ्या मते नेमका शब्द संस्कृतात तयार आहे : ‘राजगामी’. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा व्यापारी जहाज फुटून मरतो आणि तो निपुत्रिक असल्याने त्याचे धन राजगामी होते, असे अमात्य लिहून पाठवतो. दुष्यंत आधी विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गरोदर आहे का? एक आहे असे कळताच, गर्भातले मूलही पित्याच्या धनाचा धनी आहे, असा निवाडा तो देतो. एस्चीटचे सारे मर्म या चौकशीत आहे : वारस नाही याची खात्री पटेपर्यंत राजाचा हक्क सुरूच होत नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 296 मध्ये ही संज्ञा आहे आणि त्याच्या हिंदी पाठात ‘राजगामी’ हाच शब्द योजला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 29 नुसार अशी मालमत्ता शासनाकडे जाते, पण तिच्यावरच्या कर्जासह व इतर दायित्वांसह. रोजच्या लिखाणात ‘बेवारस म्हणून सरकारजमा’ एवढे म्हटले तरी पुरेसे आहे.